प्रथम वर्ष विद्यार्थी साहाय्य आणि विद्यार्थी प्रतिनिधित्व (महाराष्ट्र)

बारावीनंतर पदवी अभ्यासक्रमात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला उच्च शिक्षणात स्थिरावता यावे, यासाठी महाविद्यालय, विद्यापीठ, शासन व सामाजिक संस्था यांनी उभारलेल्या व्यवस्थेला प्रथम वर्ष विद्यार्थी साहाय्य असे म्हणतात. परिचय कार्यक्रम, मार्गदर्शक प्राध्यापक योजना, रॅगिंगविरोधी उपाय, समुपदेशन, वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांचा त्यात समावेश होतो. महाविद्यालयाच्या कारभारात विद्यार्थ्यांना आपले म्हणणे मांडता यावे, यासाठी असलेली विद्यार्थी परिषद, वर्गप्रतिनिधी, तक्रार निवारण समिती व अन्य समित्यांवरील सदस्यत्व यांना एकत्रितपणे विद्यार्थी प्रतिनिधित्व म्हटले जाते. हे दोन्ही विषय परस्परांशी जोडलेले आहेत. नव्या विद्यार्थ्याच्या अडचणी संस्थेपर्यंत पोहोचवणारा कोणी नसेल, तर साहाय्याच्या योजना कागदावर राहतात. आणि पहिल्याच वर्षी विद्यार्थी महाविद्यालय सोडून गेला, तर प्रतिनिधित्वाचा प्रश्नच उरत नाही.

महाराष्ट्रात या विषयाला वसतिगृह चळवळीचा जुना वारसा आहे. विद्यार्थी परिषदेची रचना मात्र १९९४ व २०१६ या दोन विद्यापीठ कायद्यांमुळे दोनदा बदलली.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात अकरावी व बारावीचे वर्ग बहुधा कनिष्ठ महाविद्यालयात भरतात. ज्यांचे कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात असते, त्यांना पदवीचे पहिले वर्ष ही पुढची इयत्ता वाटते. तालुक्याच्या किंवा गावातील शाळेला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयातून जिल्ह्याच्या वा महानगराच्या ठिकाणी येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मात्र हा मोठा पालट असतो. राहण्याची सोय, खानावळ, प्रवासाचा पास, दाखले, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज आणि बँक खाते या साऱ्या गोष्टी त्याला एकाच महिन्यात उरकाव्या लागतात.

दुसरी अडचण भाषेची असते. मराठी माध्यमातून बारावीपर्यंत आलेल्या विद्यार्थ्याला विज्ञान, वाणिज्य, अभियांत्रिकी, वैद्यक या शाखांतील व्याख्याने व पाठ्यपुस्तके इंग्रजीत असल्याने विषय समजूनही उत्तर लिहिता येत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१–२२ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिक्षण देण्यास परवानगी दिली. तथापि बहुसंख्य विद्यार्थ्यांचे शिक्षण अद्याप इंग्रजीतूनच होते.

तिसरी अडचण परीक्षापद्धतीची आहे. सत्र पद्धती, अंतर्गत गुण, श्रेयांक, अनुत्तीर्ण विषय घेऊन पुढील वर्गात जाण्याची ए.टी.के.टी.ची सवलत या गोष्टी शाळेत नसतात. पहिल्या सत्राचा निकाल लागेपर्यंत अनेकांना त्यांचा अर्थ कळत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत मुख्य विषय, गौण विषय, कौशल्याधारित विषय यांची निवड विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून करायची असते. ही निवड समजावून सांगणारा माणूस घरात नसेल, तर विद्यार्थी शेजारी बसलेल्याच्या अर्जाकडे पाहून आपला अर्ज भरतो. ज्यांच्या घरात यापूर्वी कोणीही महाविद्यालयात गेलेले नाही, अशा पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना ही उणीव सर्वाधिक जाणवते.

या धोरणात पहिल्या वर्षानंतर ठरावीक श्रेयांक मिळवून प्रमाणपत्रासह बाहेर पडण्याची व नंतर पुन्हा प्रवेश घेण्याची तरतूद आहे. शिक्षण खंडित झालेल्या विद्यार्थ्याचे श्रम वाया जाऊ नयेत, हा तिचा हेतू आहे. बाहेर पडणारा विद्यार्थी स्वेच्छेने गेला की साहाय्याअभावी गेला, हे मात्र प्रमाणपत्रावरून समजत नाही. त्यामुळे प्रथम वर्षातील साहाय्याचे महत्त्व या तरतुदीमुळे वाढले आहे.

इतिहास

वसतिगृह चळवळ

महाराष्ट्रात नव्या विद्यार्थ्याला आधार देण्याची सुरुवात वसतिगृहांपासून झाली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती अशा विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या आश्रयाने वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातील मुलगा शाळेत वा महाविद्यालयात टिकायचा असेल, तर आधी त्याच्या राहण्या-जेवण्याची सोय झाली पाहिजे, हे त्यामागील सूत्र होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. १९४७ मध्ये साताऱ्यात स्थापन झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाला महाविद्यालयीन शिक्षणात स्थान मिळाले. श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण घेणाऱ्याला कोणाच्या उपकाराखाली राहावे लागत नाही, असा या योजनेचा गाभा होता. आज राज्यातील अनेक विद्यापीठे याच नावाची योजना चालवतात. तीत विद्यार्थी ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय, उद्यान येथे रोज काही तास काम करतात व त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. मराठवाड्यातील दलित समाजातून प्रथमच उच्च शिक्षणाकडे वळलेल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या परिसरातील वसतिगृहांना वर्गाइतकेच महत्त्व होते. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी सहायक समिती स्थापन झाली. ग्रामीण भागातून आलेल्या होतकरू व गरजू विद्यार्थ्यांची राहण्याची व भोजनाची सोय ही समिती करते.

शिक्षण आयोग व समित्या

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) विद्यार्थी सेवा हा शिक्षणाचाच अविभाज्य भाग मानला. नवागत विद्यार्थ्यांसाठी परिचय कार्यक्रम, आरोग्य सेवा, निवास, मार्गदर्शन व समुपदेशन यांची आयोगाने शिफारस केली, तसेच शिक्षक व विद्यार्थी यांच्या संयुक्त समित्यांचाही पुरस्कार केला. भारताचे माजी सरन्यायाधीश व तत्कालीन मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या समितीनेही विद्यापीठांच्या कारभारातील विद्यार्थ्यांच्या सहभागाचा विचार केला.

परदेशातील अनुभव

साहाय्य आणि प्रतिनिधित्व यांचा संबंध अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. १९७० च्या मे महिन्यात या विद्यापीठात विद्यार्थ्यांचा उद्रेक झाला आणि आंदोलकांनी अध्यक्ष थॉमस जोन्स यांना त्यांच्या कार्यालयातच अडकवून ठेवले. विद्यार्थी इतके दुरावले कसे, या प्रश्नाचा विचार करताना जोन्स यांनी १९७२ मध्ये ‘युनिव्हर्सिटी १०१’ हा प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठीचा अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थ्याला विद्यापीठाची आणि शिक्षकाला विद्यार्थ्याची ओळख व्हावी, असा त्याचा दुहेरी हेतू होता. १९७४ पासून जॉन गार्डनर यांनी या कार्यक्रमाची धुरा सांभाळली व पुढे तो अनेक देशांतील प्रथम वर्ष कार्यक्रमांसाठी नमुना ठरला.

याच काळात विन्सेंट टिंटो या अमेरिकी अभ्यासकाने १९७५ मध्ये विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात याचे विवेचन केले. विद्यार्थ्याची बौद्धिक तयारी, त्याची आर्थिक स्थिती एवढ्यावरच त्याचे टिकणे अवलंबून नसते; तो संस्थेच्या शैक्षणिक व सामाजिक जीवनात कितपत मिसळला यावरही ते अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. विद्यार्थ्याने आपली संस्कृती सोडून संस्थेत मिसळावे, असा अर्थ या मांडणीतून निघतो, अशी टीका पुढे झाली. अल्पसंख्य व वंचित समाजांतील विद्यार्थ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी संस्थेनेही बदलले पाहिजे, या मुद्द्यावर भर दिला.

परिचय कार्यक्रम

भारतीय तंत्रज्ञान संस्थांसारख्या काही संस्थांतील अनुभवाच्या आधारे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ पासून अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षासाठी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम आखला. शारीरिक व्यायाम, कला, वाचन, मानवी मूल्यांवरील गटचर्चा, परिसरातील स्थळांच्या भेटी आणि विभागांची ओळख असे त्याचे स्वरूप आहे. नियमित तासिका सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्यांची परस्परांशी व शिक्षकांशी ओळख व्हावी, हा त्याचा उद्देश आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने सर्व शाखांसाठी मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. नव्या विद्यार्थ्याचा इतरांशी परिचय होणे, संस्थेशी नाते जुळणे, नियम व व्यवस्था समजणे आणि ज्ञानाचा प्रत्यक्ष अनुभव मिळणे ही चार अंगे तीत सांगितली आहेत.

प्रत्यक्षात अनेक महाविद्यालयांत परिचय कार्यक्रम एखाद्या दिवसाच्या स्वागत समारंभापुरता मर्यादित राहतो. प्राचार्यांचे भाषण, विभागप्रमुखांची ओळख, गुलाबपुष्प व नियमांची माहिती यांत तो आटोपतो. शिवाय प्रवेशफेऱ्या लांबल्यास शेवटच्या फेरीत येणारे विद्यार्थी कार्यक्रम संपल्यावर दाखल होतात. उशिरा प्रवेश मिळालेल्यांना माहितीची गरज अधिक असते. नेमके तेच वंचित राहतात. काही महाविद्यालये यावर उपाय म्हणून सत्राच्या मध्यावर दुसरा परिचय वर्ग घेतात.

मार्गदर्शक योजना

प्रत्येक प्राध्यापकाकडे ठरावीक विद्यार्थी सोपवून त्यांची उपस्थिती, प्रगती, अडचणी यांची नोंद ठेवणे याला मार्गदर्शक योजना किंवा पालक-शिक्षक योजना म्हणतात. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या, म्हणजेच नॅकच्या, मूल्यांकनात या योजनेची दखल घेतली जात असल्याने ती बहुतेक महाविद्यालयांत अस्तित्वात आहे.

विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत आढळते. त्यानुसार स्वेच्छेने पुढे येणाऱ्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक कक्ष स्थापन करायचा असतो. सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक आणि अशा सहा मार्गदर्शकांमागे त्यांच्या वरच्या वर्गातील एक मार्गदर्शक, अशी ही उतरंड आहे. ज्या वरिष्ठ विद्यार्थ्यांकडून नवागताला त्रास होण्याची भीती असते, त्यांच्यावरच त्याची जबाबदारी सोपवणे, हे या तरतुदीचे वैशिष्ट्य होय.

मार्गदर्शक योजनेचे यश गटाच्या आकारावर अवलंबून असते. रिक्त पदे व तासिका तत्त्वावरील नेमणुका यांमुळे एका शिक्षकाकडे मोठा गट आला, तर भेटी रद्द होतात व नोंदवही सत्राच्या अखेरीस एकदम भरली जाते. तासिका तत्त्वावरील शिक्षक पुढच्या वर्षी असेलच असे नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी जुळलेले नाते दुसऱ्या वर्षी तुटते.

रॅगिंगविरोधी तरतुदी

महाराष्ट्र विधिमंडळाने १९९९ मध्ये रॅगिंग प्रतिबंध कायदा केला. या कायद्यानुसार रॅगिंग करणे, त्यात भाग घेणे वा त्यास उत्तेजन देणे हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढून टाकले जाते व पाच वर्षे अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश दिला जात नाही. तक्रार आल्यानंतर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करणे बंधनकारक आहे. त्याने दुर्लक्ष केल्यास त्याने गुन्ह्यास साहाय्य केले असे मानले जाते.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या आर. के. राघवन समितीने २००७ मध्ये अहवाल सादर केला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे मृत्यू झाल्यानंतर देशभर संताप व्यक्त झाला. त्याच वर्षी जूनमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विनियम लागू केले. त्यांतील ठळक तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

• विद्यार्थी व पालक या दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेणे.
• प्रत्येक संस्थेत रॅगिंगविरोधी समिती व अचानक तपासणी करणारे पथक नेमणे.
• शक्यतो नवागतांची राहण्याची सोय वसतिगृहाच्या स्वतंत्र भागात करणे.
• पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नवागतांची नाव न विचारता पाहणी करणे.
• गुन्हा घडल्याचे समजल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे तक्रार नोंदवणे.

१८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय रॅगिंगविरोधी मदत क्रमांक अहोरात्र निःशुल्क उपलब्ध असतो. निनावी पाहणीची तरतूद विशेष महत्त्वाची मानली जाते, कारण नवागत विद्यार्थी समितीसमोर उभा राहून वरिष्ठांविरुद्ध बोलण्यास कचरतो. ही पाहणी मात्र प्रतिज्ञापत्राइतकी सर्वत्र रूढ झालेली नाही.

आर्थिक व निवासी साहाय्य

केंद्र व राज्य शासनाच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या आणि शुल्क प्रतिपूर्ती योजना यांचे अर्ज महाराष्ट्रात ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावरून भरले जातात. सामाजिक न्याय, आदिवासी विकास व इतर मागास बहुजन कल्याण या विभागांची वसतिगृहे जिल्हा व तालुका स्तरावर आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेशास पात्र असूनही जागेअभावी प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६–१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना राबवली जाते. तीत भोजन, निवास व निर्वाह यांसाठीची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. २०२४–२५ पासून वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना पात्र व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली.

या योजनांतील मुख्य अडचण वेळेची आहे. उत्पन्नाचा, जातीचा व अधिवासाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले खाते यांपैकी एकही कागद अपुरा असेल तर अर्ज परत येतो. रक्कम मंजूर झाली तरी ती हाती पडेपर्यंत सत्र संपत येते. खोलीभाडे व खानावळीचे पैसे मात्र पहिल्या महिन्यापासून द्यावे लागतात. या मधल्या काळातील गरज काही महाविद्यालये विद्यार्थी कल्याण निधी, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, ‘कमवा आणि शिका’ योजना यांतून भागवतात.

मानसिक आरोग्य

केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतून समुपदेशन मिळते. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या आत्महत्या व मानसिक आरोग्य या प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. त्याच वर्षी जुलैमध्ये दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, हे त्यांपैकी एक आहे.

विद्यार्थी परिषद

१९९४ चा कायदा व गुणवत्तेनुसार निवड

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पूर्वी विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुल्या निवडणुका होत. राजकीय पक्षांशी संलग्न संघटनांमधील चुरस, खर्च व हाणामाऱ्या यांमुळे त्या वादग्रस्त ठरल्या. १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैमनस्यातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाल्यानंतर त्या बंद करण्याची मागणी बळावली. महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ ने खुल्या मतदानाऐवजी गुणवत्तेनुसार नियुक्तीची पद्धत आणली. आधीच्या परीक्षेत वर्गात सर्वाधिक गुण मिळवणारा विद्यार्थी वर्गप्रतिनिधी होई. क्रीडा, सांस्कृतिक कार्य, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना यांचे प्रतिनिधी तसेच दोन विद्यार्थिनी यांची नियुक्ती प्राचार्य करीत. हे सदस्य आपल्यातून सचिवाची निवड करीत.

या पद्धतीमुळे आवारातील हिंसा व पैशाचा वापर कमी झाला, असे तिचे समर्थक म्हणतात. टीकाकारांच्या मते गुणवत्ता आणि प्रतिनिधित्व या भिन्न गोष्टी आहेत. प्रथम वर्षाच्या बाबतीत हा आक्षेप अधिक लागू पडतो. त्या वर्गाचा प्रतिनिधी बारावीच्या गुणांवरून ठरत असल्याने, ज्याला वर्गातील कोणी ओळखत नाही व ज्याने स्वतः इच्छाही व्यक्त केलेली नाही, असा विद्यार्थी प्रतिनिधी होऊ शकत असे.

लिंगडोह समिती

केरळमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये दिलेल्या आदेशानुसार माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने मे २००६ मध्ये अहवाल दिला व २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने त्यातील शिफारशींची अंमलबजावणी करण्याचा आदेश दिला. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक घेणे, संपूर्ण प्रक्रिया दहा दिवसांत संपवणे, उमेदवाराच्या खर्चावर पाच हजार रुपयांची मर्यादा, छापील भित्तिपत्रकांना बंदी, ७५ टक्के उपस्थितीची अट आणि गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेल्यांना मज्जाव या तिच्या प्रमुख शिफारशी होत. पदवी स्तरावरील उमेदवाराचे वय १७ ते २२ वर्षांदरम्यान असावे, असेही समितीने सुचवले.

२०१६ चा कायदा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ९९ ने विद्यार्थी परिषदेची नवी रचना केली. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी व मागास प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी यांची निवड महाविद्यालयातील नियमित विद्यार्थ्यांनी मतदानाने करावी आणि प्रत्येक वर्गाने आपला प्रतिनिधी निवडावा, अशी तरतूद आहे. क्रीडा, सांस्कृतिक कार्य, राष्ट्रीय सेवा योजना व छात्रसेना यांचे प्रतिनिधी नियुक्तीने येतात. विद्यापीठ पातळीवरील परिषदेच्या पदाधिकाऱ्यांना अधिसभेत स्थान आहे.

या कायद्यामुळे सुमारे दोन तपांनंतर प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मताचा अधिकार मिळाला. प्रत्यक्ष मतदान मात्र लांबत गेले. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या आणि मार्च २०२० पासून कोविड-१९ च्या महासाथीमुळे महाविद्यालये बंद राहिली. पदवीचा काळ साधारणतः तीन-चार वर्षांचा असल्याने, या काळात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या मतदान न करताच बाहेर पडल्या. विधानसभेच्या निवडणुकीत मत देण्यास पात्र असलेला अठरा वर्षांचा नागरिक आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडू शकत नाही, ही विसंगती विद्यार्थी संघटना वारंवार मांडतात. निवडणुका पुन्हा सुरू झाल्यास आवारात हिंसाचार वाढेल व अध्यापनाचे दिवस बुडतील, अशी भीती काही प्राचार्य व पालक व्यक्त करतात.

तक्रार निवारण

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे नवे विनियम लागू केले. प्रवेशातील अनियमितता, मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे, शुल्क परत न करणे, शिष्यवृत्तीला विलंब, निकालातील दिरंगाई, भेदभाव आदी बाबींवर विद्यार्थी तक्रार करू शकतो. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे आवश्यक आहे. तीत किमान एक महिला व किमान एक सदस्य अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती किंवा इतर मागासवर्गातील असावा लागतो. विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून बसतो. गुणवत्ता किंवा क्रीडा व अभ्यासेतर कार्यातील प्रावीण्य पाहून त्याचे नामनिर्देशन होते.

समितीने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसल्यास विद्यार्थी १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागू शकतो व लोकपालाने ३० दिवसांत निवाडा करणे अपेक्षित आहे. लोकपालपदी निवृत्त कुलगुरू, अनुभवी निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांची नेमणूक होते. तक्रार लेखी व तारखेसह देऊन पोच घेतली, तरच या मुदती मोजता येतात. नवागत विद्यार्थी बहुधा कार्यालयाच्या खिडकीवर तोंडी विचारणा करून परत जातो. त्यामुळे त्याची अडचण तक्रार म्हणून नोंदलीच जात नाही.

समित्यांवरील अन्य प्रतिनिधित्व

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार नेमलेल्या अंतर्गत तक्रार समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास, पदवी, पदव्युत्तर व संशोधन या स्तरांवरील तीन विद्यार्थी सदस्य असतात. त्यांची निवड पारदर्शक लोकशाही पद्धतीने व्हावी, असे विनियमात म्हटले आहे. नॅकच्या निकषांनुसार महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातही विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व अपेक्षित असते. नॅकने २०१७ पासूनच्या सुधारित पद्धतीत ऑनलाइन विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला.

ग्रंथालय, उपाहारगृह व वसतिगृहाची भोजनालय समिती यांवरील सदस्यत्व दिसायला साधे असते. तथापि विद्यार्थ्यांच्या म्हणण्याचा परिणाम याच ठिकाणी सर्वांत लवकर दिसून येतो. ग्रंथालयाची वेळ संध्याकाळी वाढवणे, मराठी माध्यमातील संदर्भग्रंथ मागवणे, शेवटच्या एस.टी. बसच्या वेळेनुसार तासिकांची आखणी करणे असे निर्णय बहुधा या पातळीवर होतात.

अनौपचारिक माध्यमे

परिषद नाममात्र असलेल्या काळातही विद्यार्थ्यांचे म्हणणे अन्य मार्गांनी व्यक्त होत राहिले. महाविद्यालयाचे वार्षिक नियतकालिक, भित्तिपत्रक, वाङ्मय मंडळ, वादविवाद व वक्तृत्व स्पर्धा आणि एकांकिका या महाराष्ट्रातील रूढ परंपरा आहेत. पुण्यातील महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून भरते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करणे अपेक्षित असते. तिच्या शिबिरांत वेगवेगळ्या शाखांचे व वर्गांचे विद्यार्थी एकत्र राहतात. वर्गात न बोलणारा नवागत विद्यार्थी अशा ठिकाणी गटाची जबाबदारी घेताना दिसतो.

मतभेदाचे मुद्दे

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला परिषदेत स्वतंत्र स्थान असावे का, यावर मतभिन्नता आहे. संस्थेची माहिती नसलेला विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून काय करणार, असे एक मत आहे. याउलट, परिचय कार्यक्रम, प्रवेशप्रक्रिया, वसतिगृह यांतील उणिवा ज्याने नुकत्याच अनुभवल्या आहेत, त्यालाच त्या नेमकेपणाने सांगता येतात, असे दुसरे मत आहे. लिंगडोह समितीची सहा ते आठ आठवड्यांची मुदत पाळली, तर नवागत आवारात स्थिरावण्यापूर्वीच मतदान होते, असाही आक्षेप घेतला जातो. मतदान उशिरा घेतल्यास निवडून आलेल्या परिषदेच्या हाती कामासाठी जेमतेम एक सत्र उरते.

दुसरा मुद्दा समित्यांच्या संख्येचा आहे. निरनिराळ्या विनियमांनुसार नेमलेल्या समित्यांची नावे सूचनाफलकावर लावलेली असतात. परंतु कोणत्या अडचणीसाठी कोणाकडे जावे, हे नव्या विद्यार्थ्याला त्यावरून कळत नाही. सर्व तक्रारींसाठी एकच खिडकी, एकच नोंदवही व ठरलेल्या वेळी भेटणारी एक व्यक्ती असावी, ही सूचना त्यातून पुढे आली आहे. तिसरा मुद्दा प्रतिसादाचा आहे. सर्वेक्षणे भरून घेतली जातात. मात्र त्यांतून काय निष्पन्न झाले, हे विद्यार्थ्यांना क्वचितच कळवले जाते. मांडलेल्या सूचनेवर निर्णय झाला की नाही व नसल्यास का नाही, हे लेखी कळवण्याची पद्धत रूढ झाली, तर प्रथम वर्षाचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलण्यास पुढे येतो, असे या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे मत आहे.